बडोद्याच्या बाळांवरून घडलेली मोजपट्टी : ‘डासी’ संच, त्याचे प्रशिक्षण आणि सोबतची साधने

जन्मापासून तीस महिन्यांपर्यंतच्या बाळाचा विकास मोजण्यासाठी आपल्याकडे जी साधने आहेत, त्यांत डी.ए.एस.आय.आय. (डेव्हलपमेंटल असेसमेंट स्केल्स फॉर इंडियन इन्फन्ट्स) ही चाचणी, जिला आम्ही व्यवहारात ‘डासी’ म्हणतो, आजही माझ्या मते सर्वांत भरवशाची आहे. मात्र ती नीट वापरायला शिकवणारे प्रशिक्षण मिळवणे हीच सर्वांत अवघड गोष्ट आहे. बडोद्यात शीघ्र हस्तक्षेपाचे, म्हणजे विकासात मागे पडणाऱ्या लहान बाळांना लवकर मदत देण्याचे, काम करणारी विशेष शिक्षिका म्हणून या चाचणीच्या वस्तूंचा संच मी रोज वापरते. या क्षेत्रात नव्याने येणाऱ्या आणि पहिल्याच वर्षी संचावर पैसे खर्च करू पाहणाऱ्या सहकाऱ्यांसाठी हे परीक्षण लिहीत आहे.

या चाचणीची मुळे आपल्याच शहरात आहेत, हे अभ्यासक्रम पूर्ण करून आलेल्या अनेकांनाही ठाऊक नसते. नॅन्सी बेली या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी तयार केलेल्या बालविकासाच्या मापन-श्रेणीचा आधार घेऊन महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या बालविकास विभागात डॉ. प्रमिला फाटक यांनी बडोद्यातील बाळांचा दीर्घकाळ अभ्यास केला आणि त्यातून भारतीय बाळांसाठीची मानके ठरवली. पुढे नव्वदच्या दशकात तिची सुधारित आवृत्ती पुण्यातून निघाली. आपले मूल परक्या देशातील मुलाच्या मापाने मोजू नये, हा आग्रह त्या काळात धरणे आणि तो महिन्यामागून महिने त्याच बाळांकडे परत जाऊन सिद्धीस नेणे, हे किती कष्टाचे काम होते, याची कल्पना एकाच बाळाची दोनदा तपासणी करून पाहिलेल्या कोणालाही येईल.

चाचणीत कारक, म्हणजे हालचालींच्या, विकासाचे ६७ आणि मानसिक विकासाचे १६३ घटक आहेत. कारक भागात मानेवरील ताबा, शरीरावरील ताबा, हालचाल आणि हाताने वस्तू हाताळणे यांचे गट आहेत. मानसिक भागात पाहणे आणि ऐकणे यांना दिलेल्या प्रतिसादापासून स्मरण, अनुकरण, बोलणे, शब्दांची समज आणि वस्तूंमधील संबंध ओळखणे येथपर्यंत दहा गट आहेत. प्रत्येक घटक निम्मी बाळे कोणत्या वयात करू लागतात ते दिलेले असते आणि त्यावरून बाळाचे विकासवय काढले जाते. विकासवयाला प्रत्यक्ष वयाने भागून शंभरने गुणले की विकासांक मिळतो, आणि तो ७० किंवा त्याहून कमी आला की विलंब मानण्याची पद्धत आहे.

इथपर्यंत सगळे सोपे वाटते, आणि अर्धवट प्रशिक्षण घेतलेली माणसे नेमकी इथेच थांबतात. समजा, बारा महिन्यांच्या बाळाचे कारक विकासवय आठ महिने आणि मानसिक विकासवय अकरा महिने आले. कारक अंक ६७ होतो, मानसिक अंक ९२ होतो आणि दोहोंची सरासरी ७९ च्या आसपास जाते. अहवालात फक्त शेवटचा आकडा लिहिला, तर बाळाला काही अडचण नाही असे वाचणाऱ्याला वाटेल, आणि ज्या बाळाला लगेच फिजिओथेरपिस्टकडे पाठवायला हवे होते ते घरीच बसून राहील. म्हणून मी अहवालात दोन्ही अंक स्वतंत्रपणे आणि त्यांच्या आधी गटवार आलेख देते. या चाचणीचे खरे मोल त्या आलेखात आहे, कारण बाळ बसते पण वस्तू एका हातातून दुसऱ्या हातात घेत नाही, की वस्तू घेते पण हाक मारल्यावर वळत नाही, हे तो स्पष्ट सांगतो आणि पुढच्या आठवड्यात आईबरोबर कशावर काम करायचे ते त्यावरूनच ठरते.

दुसरी दक्षता अपुऱ्या दिवसांच्या बाळांबाबत घ्यावी लागते. बत्तिसाव्या आठवड्यात जन्मलेले बाळ आठ आठवडे लवकर आलेले असते, त्यामुळे जन्मतारखेनुसार ते दहा महिन्यांचे असले तरी त्याचे सुधारित वय साधारण आठ महिने असते. असे बाळ आठ महिन्यांच्या बाळासारखे वागत असेल, तर जन्मतारखेने त्याचा अंक ८० येतो आणि सुधारित वयाने १००. दोन वर्षांचे होईपर्यंत ही सुधारणा करायची असते, आणि नवजात अतिदक्षता कक्षातून घरी गेलेल्या बाळांच्या आईवडिलांना हे शांतपणे समजावून सांगणे हा आपल्या कामाचा भाग आहे, कारण ते आधीच पुष्कळ घाबरलेले असतात.

संचातील वस्तू साध्या आहेत: दोरीला बांधलेली लाल कडी, खुळखुळा, घंटी, ठोकळे, पेला, बाहुली, आकार बसवायच्या फळ्या. त्या पाहून पुष्कळांना वाटते की बाजारातून अशी खेळणी आणून स्वतःच पेटी तयार करता येईल. तसे करू नये. ठोकळ्याचा आकार बदलला की तो पकडण्याची रीत बदलते, आणि रीत बदलली की मानकांशी तुलना करण्याला अर्थ उरत नाही. वस्तू धुऊन, पुसून परत जागेवर ठेवण्याची शिस्त मात्र स्वतःच लावून घ्यावी लागते, कारण या वयाचे प्रत्येक बाळ प्रत्येक वस्तू आधी तोंडात घालते.

आता चाचणीच्या मर्यादा. वयाची मर्यादा तीस महिन्यांची आहे आणि आपल्याकडे येणारी पुष्कळ मुले तोवर तीन वर्षांची झालेली असतात, कारण ‘याचे बाबाही उशिराच बोलले’ या वाक्यावर घरात एक वर्ष सहज निघून जाते. मानके ज्या पिढीच्या बाळांवर बेतली, त्या पिढीचे घर आणि आजचे घर यांत मोठे अंतर पडले आहे; त्यामुळे ती पुन्हा ताडून पाहण्याचे काम व्हायला हवे आणि ते बडोद्यातच व्हावे असे मला मनापासून वाटते. शिवाय स्वमग्नता ओळखण्यासाठी ही चाचणी नाही. सोळा ते तीस महिन्यांच्या मुलासाठी वीस प्रश्नांची एम-चॅट-आर ही पालकांना विचारायची प्रश्नावली सोबत ठेवावी, आणि मोठ्या मुलासाठी ४० घटकांच्या भारतीय स्वमग्नता मूल्यमापन श्रेणीची, म्हणजे ‘इसा’ची, माहिती असावी. ‘इसा’मध्ये गुण ७० च्या खाली असतील तर स्वमग्नता नाही, ७० ते १०६ सौम्य, १०७ ते १५३ मध्यम आणि त्यापुढे तीव्र असे टप्पे आहेत, आणि दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्राशी तिचा थेट संबंध येतो.

प्रशिक्षणाबद्दल अधिक सविस्तर लिहायला हवे, कारण पैसे वाया जातात ते तिथेच. एका संस्थेच्या ऑनलाइन कार्यशाळेत मी पूर्ण वेळ बसले. तिथे पडद्यावर सरकचित्रे दाखवली गेली, घटकांची यादी वाचून दाखवली गेली आणि शेवटी प्रमाणपत्र आले, परंतु एकही बाळ दिसले नाही. बाळाला आईच्या मांडीवर कसे बसवायचे, ठोकळा मधोमध किती अंतरावर ठेवायचा, बाळाने पाहिले की नुसते डोळे फिरवले, हे वाचून येत नाही. ज्या प्रशिक्षणात शिकवणारी व्यक्ती प्रत्यक्ष बाळाची तपासणी करते, शिकणारे वेगवेगळे बसून त्याच बाळाचे गुण मांडतात आणि नंतर प्रत्येक तफावतीवर चर्चा होते, तेच प्रशिक्षण घ्यावे. शुल्क भरण्यापूर्वी तीन गोष्टी विचाराव्यात: प्रत्यक्ष बाळे असतील का, आपल्या हातून तपासणी करून घेतली जाईल का, आणि नंतर आपण केलेल्या तपासणीची चित्रफीत पाहून कोणी दुरुस्त्या सांगेल का. तिसऱ्या प्रश्नाला ‘हो’ म्हणणारे थोडे असतात, पण त्यांच्याकडे गेल्याचा पश्चात्ताप होत नाही.

याशिवाय व्यावसायिकांनी भारतीय पुनर्वास परिषदेच्या नोंदणीचे भान ठेवावे. १९९२ च्या कायद्याने स्थापन झालेल्या या परिषदेच्या नोंदवहीत नाव असल्याशिवाय विशेष शिक्षक म्हणून काम करता येत नाही, आणि नोंदणीच्या नूतनीकरणासाठी निरंतर पुनर्वास शिक्षणाचे गुण लागतात. कार्यशाळेला परिषदेची मान्यता आहे का, हे जाहिरातीवर विसंबून न राहता स्वतः तपासावे. नुसत्या गुणांसाठी केलेली कार्यशाळा मात्र आपल्याला पुढे नेत नाही. शीघ्र हस्तक्षेपातच पूर्ण काम करू इच्छिणाऱ्यांनी सिकंदराबादच्या राष्ट्रीय बौद्धिक दिव्यांगजन सक्षमीकरण संस्थेच्या पदव्युत्तर पदविकेची चौकशी करावी; १९८४ मध्ये सुरू झालेल्या या संस्थेची मूल्यमापन-पुस्तके आणि पालकांसाठीच्या पुस्तिकाही कामाच्या आहेत.

ज्यांना सविस्तर मापन करायचे नाही, फक्त कोणत्या बाळाला पुढे पाठवायचे एवढेच ठरवायचे आहे, त्यांच्यासाठी याच घराण्यातील बडोदा विकास चाळणी चाचणी आहे. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या चाचणीत कारक २२ आणि मानसिक ३२ असे एकूण ५४ घटक आहेत, आणि तिला वेळही फारसा लागत नाही. अंगणवाडी सेविका, परिचारिका आणि बालवाडीच्या शिक्षिका यांना मी हीच सुचवते. चाळणीत अडकलेले प्रत्येक बाळ विलंबित असतेच असे नाही, हे मात्र आईला त्याच वेळी सांगावे आणि राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखालील जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राचा रस्ता दाखवावा. २०१३ मध्ये सुरू झालेल्या या कार्यक्रमात अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची जन्मजात दोष, कमतरता, आजार आणि विकासातील विलंब यांसाठी तपासणी होते.

मापन झाल्यावर रोज करायचे काय, याचे उत्तर डासी देत नाही. त्यासाठी मी दोन साधने वापरते. पहिले म्हणजे पोर्टेज मार्गदर्शिका. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यातल्या पोर्टेज गावी १९६९ मध्ये सुरू झालेल्या या पद्धतीत शिक्षिका दर आठवड्याला घरी जाते, आईबरोबर एकदोन लहान उद्दिष्टे ठरवते आणि पुढच्या भेटीत प्रगती पाहते. जन्मापासून सहा वर्षांपर्यंतच्या ५८० वर्तनांची यादी तिच्यात आहे. पद्धत उत्तम, पण तिच्यातले घर परके. जेवणाच्या घटकांत मी पोळीचा तुकडा तोडणे हे कौशल्य आवर्जून घालते, कारण त्यात एका हाताने पोळी धरून दुसऱ्या हाताने तुकडा ओढायचा असतो, दोन्ही हातांचा मेळ लागतो आणि सराव दिवसातून दोनदा आपोआप होतो. आमटीत बुडवून तो तुकडा तोंडापर्यंत नेणे ही पुढची पायरी. मूल ज्या ताटात जेवते त्या ताटातून उद्दिष्ट निवडले, की आजीलाही वेगळे काही शिकवावे लागत नाही, आणि बडोद्याच्या दांडिया बाजार किंवा रावपुऱ्यातल्या एकत्र कुटुंबांत मुलाबरोबर सर्वाधिक वेळ आजीच असते.

दुसरे साधन ‘नवचेतना’. महिला व बालविकास मंत्रालयाने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या या आराखड्यात तीन वर्षांपर्यंतच्या बाळासाठी महिनावार १४० कृती दिल्या आहेत. तो सर्व बाळांसाठी आहे, दिव्यांग बाळांसाठी खास नाही, तरीही विनामूल्य आणि घरातील वस्तूंनी करता येण्याजोग्या कृतींचा इतका मोठा साठा हाताशी असणे ही चांगली सोय आहे. फक्त मुलाच्या जन्मतारखेप्रमाणे नव्हे, तर त्याच्या विकासवयाप्रमाणे महिना निवडावा. म्हणजे अठरा महिन्यांच्या पण दहा महिन्यांसारखे वागणाऱ्या मुलासाठी दहाव्या महिन्याच्या कृती. याच मंत्रालयाचे दिव्यांग बालकांसाठीचे २०२३ चे अंगणवाडी मार्गदर्शन वाचावे, कारण तपासणी, समावेश आणि पुढे पाठवणे या पायऱ्या त्यात नीट मांडल्या आहेत आणि अंगणवाडीताईशी बोलताना समान भूमिका घेता येते.

भाषेची अडचण मात्र या सर्व साधनांत सारखीच आहे. बडोद्यातील मराठी घरात बाळ आजीकडून मराठी ऐकते, शेजारी आणि सांभाळणाऱ्या ताईंकडून गुजराती, आणि भ्रमणध्वनीवर हिंदी. अशा बाळाचे शब्द मोजताना मी तिन्ही भाषांतील शब्द एकत्र धरते आणि आईला आठवडाभर घरीच वही ठेवायला सांगते. एका भाषेचे शब्द मोजून भाषाविलंबाचा शिक्का मारणे अन्यायाचे आहे, आणि ‘घरात एकच भाषा बोला’ असा सल्ला देऊन आजीचे बोलणे बंद पाडणे त्याहूनही वाईट. मूल्यमापनाची पुस्तके इंग्रजीत, पालकांच्या पुस्तिका बहुधा हिंदीत आणि सरकारी पत्रके गुजरातीत, अशी आज स्थिती आहे. पुण्या-मुंबईच्या संस्थांचे मराठी साहित्य मागवता येते, पण ते तिथल्या घरांसाठी लिहिलेले असते.

खरेदीचा सल्ला असा. पदविका किंवा पदवी नुकतीच झाली असेल, तर आधी एखाद्या पाळणाघरात किंवा बालवाडीत नियमित जाऊन सर्वसाधारण वाढीची बाळे पाहावीत, कारण नऊ महिन्यांचे निरोगी बाळ कसे वागते हे डोळ्यांत बसले नसेल, तर विलंब दिसणार नाही. त्यासोबत बडोदा चाळणी चाचणी आणि ‘नवचेतना’ एवढ्यावर पहिले वर्ष चालते. प्रत्यक्ष बाळांसह होणारे डासी प्रशिक्षण मिळाले की मगच संच घ्यावा, आणि एकट्याने घेणे जड जात असेल, तर जवळपास काम करणाऱ्या दोघीतिघींनी मिळून घ्यावा; त्यामुळे एकमेकींच्या तपासण्या पाहण्याचीही सोय होते. ज्यांच्याकडे प्रामुख्याने तीन वर्षांपुढची मुले येतात, त्यांनी डासीवर खर्च न करता मुलाची रोजची कौशल्ये तपासणाऱ्या ३६० घटकांच्या मद्रास विकास कार्यक्रम प्रणालीपासून, म्हणजे एमडीपीएसपासून, सुरुवात करावी. तिच्यातील अठरा क्षेत्रांवरून शाळेतील वैयक्तिक शिक्षण-आराखडा थेट लिहिता येतो.