इमोबिलायझर बदलायला आलेला जुना बॉक्सही घेऊन गेला

सेल्फ मारला की गाडी लागायची आणि लगेच बंद पडायची. मीटरवर चावीचं चिन्ह लुकलुकत राहायचं. इमोबिलायझरने (चोरी रोखायला चावीतली चिप तपासणाऱ्या बॉक्सने) चावी ओळखली नाही की बऱ्याच गाड्या असंच करतात, म्हणून चाव्या प्रोग्राम करून देणाऱ्या एकाला बोलावलं. त्याने स्कॅनर जोडला आणि लगेच निकाल दिला: इमोबिलायझरचं मॉड्यूल गेलंय, दुसरं टाकायला हवं.

त्याने तपासलं काहीच नव्हतं. चावीतल्या चिपला स्वतःची बॅटरी नसते (चावीत असते ती बटणांसाठी, ती बदलून गाडी सुरू होत नाही). इग्निशनच्या कुलपाभोवती तारेची एक रिंग असते. तिच्या लहरींवर, बहुतेक गाड्यांत १२५ किलोहर्ट्झच्या, चिप जागी होते आणि कोड देते. रिंग तुटली किंवा तिचा कनेक्टर सैल झाला तरी लक्षणं हीच दिसतात. मॉड्यूलला दोष देण्याआधी दुसरी चावी लावून बघायची, फ्यूज बघायचा, ही साधी पद्धत आहे.

"नवीन" म्हणून आणलेल्या बॉक्सच्या पट्टीवर माती होती आणि स्टिकर खरवडलेलं होतं. म्हणजे तो दुसऱ्या कुठल्या तरी गाडीतून काढलेला. असा बॉक्स रिकामा नसतो. त्या गाडीच्या चाव्या, पिन (चाव्या शिकवायला लागणारा गुप्त आकडा), ईसीयूशी (इंजिन चालवणाऱ्या कंप्युटरशी) जुळलेली ओळख, कित्येकदा १७ अक्षरांचा चेसिस नंबरसुद्धा त्यात असतो. तो आधी कोरा तरी करावा लागतो, नाहीतर आपल्या जुन्या बॉक्सची मेमरी वाचून त्यात उतरवावी लागते. मेमरी नीट उतरली तर आपल्या चाव्या बहुधा तशाच चालतात, वेगळं प्रोग्रामिंग लागत नाही. पण त्यासाठी जुना बॉक्स हाताशी हवा, आणि तो तर "टेबलावर बघतो" म्हणून हा दोन्ही चाव्यांसकट घेऊन गेला होता.

परत आला तो नवीनच गोष्ट घेऊन. ईसीयू लॉक झालाय, तोही बदलायचा! चुकीचा पिन सारखा टाकला की अनेक गाड्या काही वेळ पुढचा प्रयत्न नाकारतात, आणि इग्निशन चालू ठेवून थांबलं की पुन्हा संधी देतात. एवढ्यासाठी ईसीयू बदलायला सांगणं म्हणजे शुद्ध लूट. मी नकार दिला तर म्हणाला, जुना बॉक्स भंगारात गेला. भांडण वाढल्यावर तोच बॉक्स त्याच्या पिशवीतून निघाला. प्रोग्रामिंगचे घेतलेले पैसे मात्र परत आले नाहीत.

दुसऱ्या ऑटो इलेक्ट्रिशियनने जुना बॉक्स बसवला आणि आधी स्टिअरिंगखालचं कव्हर उघडलं. रिंगच्या कनेक्टरमधली एक धातूची पिन मागे सरकली होती. ती दाबून बसवली, गाडी सुरू झाली.

त्याने आणखी एक केलं, जे मला सुचलंच नसतं. किती चाव्या नोंदलेल्या आहेत ते स्कॅनरवर दाखवलं. आकडा तीन. गाडी मी कोरी घेतली, चाव्या पहिल्यापासून दोनच. बॉक्स टेबलावर असताना मेमरीत जादा चावी लिहिता येते, असं तो म्हणाला. मग सगळ्या नोंदी पुसून माझ्या दोन चाव्या पुन्हा शिकवल्या.

तेवढ्यावर भागत नाही. पहिल्या माणसाने माझ्याच चिपची नक्कलही करून ठेवली असेल, तर ती मोजणीत वेगळी दिसत नाही, आणि माझी चावी पुन्हा शिकवली की नक्कलही चालू होते. दोन्ही चाव्या त्याच्याकडे राहिल्या होत्या, म्हणून आता दोन्हींत नव्या चिप टाकून घेतल्या आहेत. पिन मात्र तोच आहे. माझ्या गाडीत तो बदलता येत नाही आणि त्या माणसाकडे तो आहे, म्हणून स्टिअरिंगला वेगळं लोखंडी कुलूप लावतो.