मधुमेहींच्या डोळ्यांच्या तपासणीची नोंद: नेत्रतज्ज्ञांचे पत्र, फंडस फोटो की आभा खाते?

मधुमेहाचे रुग्ण नियमित पाहणाऱ्या डॉक्टरांना, डोळ्यांच्या तपासणीचा निष्कर्ष आपल्या केसपेपरवर कोणत्या मार्गाने आणायचा, हे एकदा ठरवून टाकावे लागते. आज तो बहुधा रुग्णाच्या तोंडूनच कळतो, आणि ‘डोळे तपासलेत, नॉर्मल आहेत’ याचा अर्थ पुष्कळदा चष्म्याचा नंबर काढला एवढाच असतो. ६/६, म्हणजे अगदी स्पष्ट दिसणाऱ्या डोळ्याच्या पडद्यावरही गंभीर रेटिनोपॅथी (मधुमेहामुळे पडद्याला होणारी इजा) असू शकते. त्यामुळे तोंडी निरोपाचा विचार इथे केलेलाच नाही.

थेंब घालून, बाहुली मोठी करून पडदा पाहिल्यावर नेत्रतज्ज्ञांनी लिहिलेले पत्र सर्वांत भरवशाचे असते, मात्र त्यात काय लिहिले आहे यावर त्याचा उपयोग ठरतो. नुसते ‘एनपीडीआर, रिव्ह्यू’ (प्रोलिफरेटिव्ह नसलेली रेटिनोपॅथी, पुन्हा दाखवा) एवढेच असेल तर फिजिशियनच्या हाती काहीच लागत नाही. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात रेटिनोपॅथी नसणे, सौम्य, मध्यम, तीव्र आणि प्रोलिफरेटिव्ह (पडद्यावर नव्या रक्तवाहिन्या वाढलेली) असे पाच टप्पे आहेत, आणि मॅक्युलाची (पडद्याच्या मध्यभागाची) सूज त्यांहून वेगळी नोंदवली जाते. हा तपशील औषधांपर्यंत पोहोचतो: सूज असेल तर पायोग्लिटाझोन हे मधुमेहाचे औषध चालू ठेवावे का याचा फेरविचार करावा लागतो, आणि रेटिनोपॅथी पुढच्या टप्प्यात असताना वाढलेली साखर फार झपाट्याने उतरवल्यास पडद्याची स्थिती काही काळ बिघडू शकते. यावर सोपा उपाय म्हणजे रुग्णासोबत छापील तक्ता पाठवणे; वरच्या भागात आपण मधुमेहाची वर्षे, एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतील सरासरी साखर) आणि रक्तदाब लिहायचा, आणि खाली नेत्रतज्ज्ञांनी प्रत्येक डोळ्याचा टप्पा, सूज आणि पुढील तपासणीची मुदत भरायची.

क्लिनिकमध्येच फंडस कॅमेरा (डोळ्याच्या पडद्याचा फोटो काढणारा) ठेवल्यास रुग्णाची वेगळी फेरी वाचते, पुढच्या वर्षी तुलना करण्यासाठी चित्र हाताशी राहते, आणि स्वतःच्या पडद्यावरचे रक्ताचे ठिपके पाहिलेला रुग्ण पथ्याबद्दल कमी वाद घालतो. तरीही ही केवळ चाळणी आहे. बाहुली लहान असेल किंवा मोतीबिंदू असेल तर फोटो वाचता येत नाही, आणि अशा वेळी ‘वाचता आला नाही, नेत्रतज्ज्ञांकडे पाठवले’ अशीच नोंद हवी. ती जागा कोरी राहिली की पुढे ती नॉर्मल समजली जाते. सपाट फोटोत सूज हुकू शकते, त्यासाठी ओसीटी (पडद्याचे थर दाखवणारे स्कॅन) लागते. फोटो व्हॉट्सॲपवर साध्या पद्धतीने पाठवला तर त्याचा दर्जा घटून बारीक ठिपके पुसट होतात, शिवाय रुग्णाच्या संमतीचा प्रश्न उरतोच.

आयुष्मान भारत डिजिटल मिशनमधील १४ अंकी आभा क्रमांकाला (रुग्णाच्या डिजिटल आरोग्य खात्याच्या क्रमांकाला) अहवाल जोडणे चांगलेच, परंतु नेत्ररुग्णालयही त्या व्यवस्थेत असेल तरच. आज केवळ त्याच्या भरवशावर राहू नये.

नेत्रतज्ज्ञ जवळ असतील तर मी छापील तक्त्यासह पत्राचीच पद्धत निवडेन. जिथे तपासणीसाठी रुग्णाची दिवसाची मजुरी बुडते अशा तालुक्याच्या गावी कॅमेरा अधिक उपयोगी, मात्र फोटो कोण वाचणार आणि उत्तर किती दिवसांत येणार हे खरेदीपूर्वीच ठरलेले हवे. इंग्लंडच्या तपासणी कार्यक्रमात निकालाचे पत्र रुग्ण आणि त्याचे डॉक्टर या दोघांनाही जाते. आपणही रुग्णाला मराठीत दोन-तीन वाक्यांचा कागद द्यावा, त्यावर पुढील तारीख लिहावी, आणि ती तारीख चुकवणाऱ्याला फोन कोणी करायचा हे काम क्लिनिकमधील एका ठरावीक व्यक्तीकडे सोपवावे.