वय वंदना कार्ड आणि महात्मा फुले योजना: आठ महिन्यांचा अनुभव

आमचं रेशन कार्ड पांढरं. त्यामुळे सरकारी आरोग्य योजना आपल्यासाठी नाहीतच, असं आमच्या घरात वर्षानुवर्षं धरून चाललेलं. बाबा ७३ वर्षांचे, नाशिकच्या सातपूर एमआयडीसीतून निवृत्त झालेले. नोकरीत ईएसआयसी, म्हणजे कामगार विमा होता, नंतर काहीच नाही. खासगी विमा काढायला गेलो तर शुगर आणि बीपी ऐकून एजंट परत फिरकले नाहीत.

सत्तरी ओलांडलेल्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, वय वंदना कार्ड मिळतं, हे शेजारच्या काकूंकडून कळलं. केंद्र सरकारने २९ ऑक्टोबर २०२४ ला ते सुरू केलं. वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार, आणि जुना आजारही पहिल्या दिवसापासून धरला जातो. वय मात्र आधारवरचंच चालतं. सिडको भागात कार्ड काढायला गेलो तर बाबांचा अंगठा मशीन घेईचना. तीस वर्षं लेथवर काम केलेला माणूस, रेषा पार झिजलेल्या. ते अंगठा शर्टाला पुसून पुन्हा पुन्हा ठेवत होते. शेवटी आधारला जोडलेल्या मोबाईलवर ओटीपी मागवला आणि काम झालं.

तीन महिन्यांनी त्यांची अँजिओप्लास्टी झाली. मंजुरी येण्याआधीच रुग्णालयाने तपासण्यांसाठी १२ हजार भरून घेतले, पक्की पावतीही दिली नाही. मला फार राग आला. योजनेच्या १४५५५ या हेल्पलाइनवर तक्रार केली, पैसे परत यायला नऊ दिवस लागले. नंतर कळलं की सगळ्यात आधी आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या रुग्णांना मदत करणाऱ्या माणसाला गाठायचं असतं. योजनेतल्या प्रत्येक रुग्णालयात त्याचं टेबल असतं. आम्हाला भेटलेल्या मुलीने मात्र कागद न् कागद समजावून सांगितला.

आई ६६ वर्षांची, तिला वय वंदना नाही. मुतखड्याचं ऑपरेशन निघालं तेव्हा आम्ही धास्तावलो होतो. पण महात्मा फुले जन आरोग्य योजनेत आता पांढरं कार्डही चालतं, आणि तिथेही कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. अडलं ते नावावर. आधारवर आणि रेशन कार्डावर आईच्या नावाचं स्पेलिंग वेगळं. दुरुस्तीत दोन आठवडे गेले, आणि तेवढे दिवस ती कळा सोसत राहिली. घरच्या सगळ्यांची नावं दोन्ही कार्डांवर आजच ताडून बघा, ही माझी कळकळीची विनंती.

ओपीडीचा खर्च यात नाही. घरी आल्यावरही ठरावीक दिवसांचीच औषधं मिळतात. बाबांच्या रोजच्या गोळ्या आता आम्ही जनऔषधी केंद्रातून आणतो.