रिस्क अलाउन्सचे 30,550 बुडाले, पर्मिटवर तुमचं नाव कुठल्या रकान्यात आहे ते बघा

आधीच सांगतो, मी नवखा नाही, बारा वर्षं टाकी सफाईत काढलीत, तरी फसलो. ठेकेदाराचा सुपरवायझर म्हणाला, टाकीत उतरायच्या प्रत्येक दिवसाला पगारावर 650 रुपये रिस्क अलाउन्स, फक्त ट्रेनिंग सर्टिफिकेटचे 7,800 आधी भरा. भरले. (कामाला लावायचे पैसे मागतो तो चोर, हे मीच पोरांना सांगायचो.)

47 दिवस उतरलो. गुडघाभर गाळ, मास्कमध्ये घामाच्या धारा, ऑक्सिजन 19.5 टक्क्यांच्या खाली गेला की मीटर बोंबलतो आणि आपण धडपडत वर. हायड्रोजन सल्फाईड या विषारी वायूचं तर ठाऊकच असेल, प्रमाण वाढलं की वास यायचाच बंद होतो, माणसाला वाटतं हवा साफ झाली.

आता ज्याची चीड येते ते. तिसऱ्याच दिवशी मॅनहोलपाशी लटकवलेलं पर्मिट, म्हणजे टाकीत उतरायच्या परवानगीचा कागद, मी वाचलं होतं. 'आत जाणारे' खाली दोन नावं, ती माणसं मी कधी बघितलेली नाहीत. माझं नाव होल वॉचमध्ये, म्हणजे बाहेर उभा राहून लक्ष ठेवणारा! विचारलं तर सुपरवायझर म्हणे, "टीम एकच, पैसे एकच, चल हार्नेस घाल." आणि घातला. मागं चार जण खोळंबलेले, डोक्यात हप्ते, कोण हुज्जत घालणार? पण अलाउन्स आतल्या नावांवर निघतो हे मला माहीत होतं ना. आत मेलो असतो तरी कागदावर मी बाहेरच होतो, घरच्यांनी भरपाई कशावर मागायची?

30,550 अधिक 7,800, त्यातून उचल दिलेली 3,000 वजा. 35,350 गेले. कोऱ्या व्हाउचरवर (पैसे मिळाल्याच्या पावतीवर) सही देऊ नका, मी दिली, आता सुपरवायझर तेच व्हाउचर तोंडावर फेकतो.

कंपनीचा सेफ्टीवाला म्हणतो तुम्ही आमचे कामगारच नाही. लेबर ऑफिसात चार खेपा: साहेब मीटिंगला, मग अर्जाचा नमुना चुकला, मग फाईल सापडेना, चौथ्यांदा तेच पर्मिट माझ्यापुढं सरकवून "इथं तर तुम्ही बाहेर दिसताय." अहो तेच तर सांगायला आलोय! तिथला शिपाई हसत होता, मला रडू आवरेना. पोलिस म्हणाले पैशाचा वाद आहे, कोर्टात जा.

पगाराच्या स्लिपवर अलाउन्सची वेगळी ओळ नसेल तर तो नाहीच धरा. टाकीपाशी मोबाईल नेऊ देत नाहीत म्हणून घरी येऊन वहीत लिहा, पर्मिट नंबर, उतरल्याची वेळ, सोबत कोण. माझ्याकडं 47 पैकी 31 दिवसांचंच लिहिलेलं आहे, बाकी दिवशी हातात पेन धरायचं त्राण नसायचं. त्या 31 वरच दावा टाकतोय.