हॅमर की ॲमिकस : सुरुवात कुठून करावी?

जुने ब्रिटिश भयपट बघायचे ठरवले की हॅमर आणि ॲमिकस या दोन चित्रपट कंपन्यांची नावं समोर येतात. आधी कोणाचे बघावेत, हा प्रश्न मलाही पडला होता. चेहरे बघून ठरवता येत नाही. पीटर कुशिंग आणि ख्रिस्तोफर ली दोन्हीकडे आहेत. दिग्दर्शक फ्रेडी फ्रान्सिसनेही दोघांसाठी काम केलंय.

देखणेपणात हॅमरचा हात कोणी धरणार नाही. थेम्सकाठच्या ब्रे स्टुडिओत बेताच्या पैशांत उभे केलेले ते महाल आजही श्रीमंत दिसतात. १९५८ च्या 'ड्रॅक्युला'त जिन्याच्या टोकाशी नुसती काळी आकृती दिसते, आणि खाली उतरतो तो अगदी सभ्य, अदबीने बोलणारा यजमान. ती एंट्री मी कितीदा तरी पाहिली आहे.

माझं अडलं ते १९६६ च्या 'ड्रॅक्युला : प्रिन्स ऑफ डार्कनेस'पाशी. चार प्रवासी महालात येतात, जेवतात, झोपतात, आणि ड्रॅक्युला उठेपर्यंत निम्मा सिनेमा सरलेला असतो. उठल्यावरही ड्रॅक्युला झालेल्या लीच्या तोंडी एक वाक्य नाही! राखेवर रक्त सांडून त्याला जागवतात तो प्रसंग जबरदस्त आहे, पण रात्री जेवणं आटोपून बसणाऱ्याला तिथवरची वाट फार लांब वाटते. मला तो तिसऱ्या बैठकीत पुरा करता आला. हॅमरचे सगळेच असे नाहीत, तरी ही वाट बघणं मला पुन्हा पुन्हा जाणवलं.

ॲमिकस चालवणारे मिल्टन सुबॉत्स्की आणि मॅक्स रोझेनबर्ग दोघेही अमेरिकन. त्यांची खासियत म्हणजे एका सिनेमात चार-पाच गोष्टी. 'टेल्स फ्रॉम द क्रिप्ट' (१९७२) मधली अंधाश्रमाची गोष्ट घ्या. नवा व्यवस्थापक अंध रहिवाशांच्या जेवणात आणि शेगडीत काटकसर करतो, स्वतः मात्र कुत्र्यासह मजेत राहतो. मग ती माणसं हातांनी चाचपत, लाकडं ठोकत एक अरुंद बोळ बांधतात. भिंतींना ओळीने दाढीची पाती. पुढचं सांगत नाही. गोष्ट थोडक्यात आटोपते, पण अंगावरचा काटा जात नाही.

उणिवा इथेही आहेत. पाचातली एखादी गोष्ट फिकी निघते ('व्हॉल्ट ऑफ हॉरर' मला तरी बेताचाच वाटला), आणि गोष्टींना जोडणारा धागा दोन सिनेमांनंतर ओळखू येतो. टायगॉन या तिसऱ्या ब्रिटिश कंपनीचे सिनेमे मात्र नंतरसाठी ठेवा, ते जास्त कठोर आहेत.

रविवारची निवांत दुपार हाताशी असेल तर १९५८ चा 'ड्रॅक्युला' खुशाल लावा. रोज रात्री तासभरच मिळत असेल, तर माझ्या मते 'टेल्स फ्रॉम द क्रिप्ट' बरा. त्यात कुशिंग आहे तो वारलेल्या बायकोच्या तसबिरीशी बोलणारा एकटा म्हातारा. त्याची स्वतःची बायको १९७१ मध्येच गेली होती. ते बोलणं मला भुतापेक्षा जास्त लागलं.