साधी लाईट बदलायची होती, 7270 रुपये गेले

हॉलमधली जुनी ट्यूब काढून 18 वॅटचा गोल एलईडी लावायचा, एवढंच काम होतं. आमचे नेहमीचे वायरमन काका गावी गेले होते म्हणून जिन्यात मीटरच्या पेटीवरच्या स्टिकरवर फोन केला आणि तिथेच माती खाल्ली.

पोरगा गोड बोलणारा, ताई ताई करत आला, अर्ध्या तासात लाईट लावली, बटण पण गेलंय म्हणून बदललं. 350 मजुरी, 120 बटणाचे. रात्री झोपताना बघते तर बटण बंद आणि लाईट काजव्यासारखी मिणमिणतेय, सासूबाई म्हणाल्या यात झिरोचा बल्ब पण येतो का गं!

दुसऱ्या दिवशी परत बोलावलं तर टेस्टर इकडे तिकडे लावून म्हणाला, ताई वायरिंग लीक आहे, आग लागेल, हॉलची वायर बदलावी लागेल, 4200. आग म्हटल्यावर माझं डोकंच चालेना, हे ऑफिसला, मी हो म्हटलं. त्याने मला काहीतरी सामान आणायला दुकानात पाठवलं (हे मला नंतर कळलं की मुद्दाम), येईपर्यंत काम झालेलं. मिणमिणणं बंद झालं खरं पण आता हॉलची लाईट लावली की अख्ख्या घराचा ईएलसीबी (करंट गळला की वीज तोडणारा खटका) पडायचा. मग ईएलसीबी खराब म्हणून नवीन टाकला, त्याचे 2600. त्यानंतर काही पडेना, मी खूश. पावती मागितली तर ताई विश्वास नाही का.

काका आले तेव्हा मी सहज सांगितलं. त्यांनी आधी ईएलसीबीचा खटका खाली पाडला, तर पंखा फिरतच! आतल्या सगळ्या वायरी काढून बाहेरच्या बाहेर जोडून टेप मारली होती, ईएलसीबी नुसता शोभेला. आणि तो नवीन पण नाही, गेल्या दिवाळीच्या रंगकामाचा निळा ठिपका त्याच्यावर तसाच.

मग मेन बंद करून वर चढून लाईट खोलली. लाईटला लाल वायर (फेज, करंट आणणारी) आणि हिरवी वायर (अर्थिंगची) जोडलेली, काळी (न्यूट्रल, करंट परत नेणारी) पाइपमध्ये तुटून आत गेलेली. काका म्हणाले, पहिल्या दिवशी बटण बदलताना याने फेजऐवजी न्यूट्रल बटणावर घेतला असणार, म्हणून बंद केलं तरी फेज वर लाईटपर्यंत पोचायचा आणि एलईडी मिणमिणायचा (बटणात इंडिकेटर असेल तरी असं होतं कधीकधी, आमच्यात नव्हता). ते सुधारताना ओढाताणीत काळी तुटली, नवीन ओढायचा कंटाळा, मग अर्थिंगची हिरवीच न्यूट्रल म्हणून वापरली. 18 वॅटला साधारण 80 मिलीअँपिअर लागतात, ते सगळे अर्थिंगमधून जाणार आणि ईएलसीबी 30 ला पडतो, तो पडणारच की. बिचारा आपलं काम करत होता आणि आम्ही त्यालाच बाद केला. उद्या अर्थिंग कुठे सुटलं असतं तर लाईट लावल्यावर फ्रिजच्या, गीझरच्या बॉडीत करंट आला असता, आणि पोरगी अनवाणी फ्रिज उघडते दिवसातून वीस वेळा.

नवीन वायर म्हणून 4200 घेतलेली ती लाल वायर पण जुनीच, चुना लागलेली.

काकांनी काळी वायर ओढली, ईएलसीबी परत जोडला, वायरसकट 700 घेतले. मला त्यावरचं टेस्टचं बटण दाबायला लावलं, टक करून घर अंधारात, इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. तुमच्याकडे कोणी काम करून गेलं की ते बटण तेवढं दाबून बघा, आणि लाईट खोलायच्या आधी वायरींचा फोटो काढून ठेवा. वायरमनचं सरकारी परमिट असतं, ते विचारायचं माझ्या डोक्यातच आलं नाही.

त्या पोराला फोन केला तर म्हणाला, लाईट लागत होती ना ताई? नंतर ब्लॉक. पैसे ऑनलाइन दिलेत, तेही बघितलं तर भलत्याच बाईच्या नावावर गेलेत. स्टिकर मी पिन घेऊन खरवडला, निम्माच निघाला, नंबर गेलाय पण ‘खात्रीशीर काम’ अजून वाचता येतं.