ऊस, घाट आणि हायवे: ट्रकला रेडियल घालावा की नायलॉन?

दिवाळी तोंडावर आली की कराड-इस्लामपूर पट्ट्यात टायरच्या दुकानांपुढे सहा टायर आणि दहा टायर गाड्या उभ्या राहू लागतात. कारखान्याशी करार झालेला असतो, टोळीला उचल दिलेली असते आणि मागच्या टायरांची नक्षी घासून गुळगुळीत झालेली असते. मालक दुकानात पाय ठेवतो आणि विचारतो, "रेडियल घेऊ की नायलॉन?" नायलॉन म्हणजे तिरक्या कापडी थरांचा टायर, रेडियल म्हणजे सरळ थरांचा आणि पोलादी तारांच्या पट्ट्यांचा. आमच्या घरात दोन पिढ्या ट्रक आहेत, त्यामुळे हा प्रश्न माझ्याकडेही येतो. मी आधी एवढंच विचारतो, की गाडी वर्षातले किती महिने फडात जाते आणि किती महिने डांबरावर असते? या उत्तरावरच टायर ठरतो. शेजाऱ्यानं काय घातलं, यावर ठरवू नये.

आपल्याकडच्या बऱ्याच गाड्या वर्षात तीन वेगळ्या नोकऱ्या करतात. नोव्हेंबर ते मार्च ऊस: शेतातून कारखान्यापर्यंत छोट्या खेपा, वजन गच्च. उन्हाळ्यात आंबा, करूळ किंवा कुंभार्ली घाटानं खाली जाऊन कोकणातला जांभा चिरा भरून वर यायचं. उरलेला काळ मिळेल ते लांबचं भाडं. तिन्ही कामांना एकच टायर उत्तम असं होत नाही. एखाद्या कामात थोडी तडजोड करावीच लागते, फक्त ती कोणत्या कामात करायची हे आपण ठरवलेलं बरं.

आधी टायरच्या अंगावरचे आकडे वाचा

दुकानदार माप सांगतो, कंपनी सांगतो, भाव सांगतो. टायरच्या बाजूवर मात्र आणखी एक गोष्ट छापलेली असते, 146/143 के अशी. पहिला आकडा टायर एकटा चालतो तेव्हाचा, म्हणजे पुढच्या एक्सलचा. दुसरा मागच्या जोडीतला. 146 म्हणजे 3000 किलो, 143 म्हणजे 2725 किलो. 'के' हे अक्षर वेगाचं, ताशी 110 किलोमीटर.

आता सहा टायर गाडीचा हिशोब करू. 2018 च्या जुलैत केंद्रानं एक्सलवरचं वजन वाढवलं. मागच्या चार टायरांच्या एका एक्सलला 10.2 टनांऐवजी 11.5 टन मिळाले. 11,500 भागिले चार, म्हणजे एका टायरवर 2875 किलो. 143 चा टायर 2725 च उचलतो. म्हणजे गाडी कायद्यात बसणारं वजन घेऊन निघाली तरी तो टायर कमी पडतो. तिथं जोडीत 3000 किलो पेलणारा, 149/146 छापलेला टायर हवा. दहा टायर गाडीचं गणित उलट सोपं आहे: मागच्या दोन एक्सलना मिळून 21 टन, आठ टायर, एकावर 2625 किलो. तिथं 143 चालतो. मोठ्या गाडीला भारी टायर लागतो असं आपण धरून चालतो, पण इथं सहा टायर गाडीलाच तो जास्त लागतो. जुना माल किंवा सेकंडहँड टायर स्वस्तात मिळतोय म्हणून घेणाऱ्यांनी हा आकडा बोट ठेवून वाचावा.

आणि हे झालं पासिंगच्या, म्हणजे कायद्यानं मंजूर वजनाचं. काट्यावर त्याहून चार-पाच टन जास्त भरतात हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे. तसं भरून चालवता येईल असा टायर मी सुचवणार नाही, कारण तसा टायर नाही. जास्त वजनानं बाजू जास्त वाकते, वाकली की तापते आणि तापलेला टायर आतून सुटत जातो. तो फुटतो त्या दिवशी बाहेरून धड दिसत असतो.

नायलॉन कुठं जिंकतो

फडात. याबद्दल माझ्या मनात शंका नाही. ऊस तोडल्यावर जमिनीत जी धसकटं राहतात ती तिरकी कापलेली, वाळून टणक झालेली असतात. भरलेली गाडी सरीतून बाहेर काढताना मागचं चाक एका बाजूला घसरतं आणि धसकट टायरच्या बाजूवर, म्हणजे सगळ्यात नाजूक जागी, आडवं घासतं. नायलॉन टायरच्या बाजूला कापडाचे थर एकमेकांवर तिरके, जाड बसवलेले असतात. त्याला ओरखडा पडतो आणि तो पुढं चालतो. रेडियलची बाजू पातळ आणि लवचीक असते. तीच कात, म्हणजे चिरलेली जागा, तिथं पार तारेपर्यंत जाऊ शकते.

दोन हंगामांपूर्वी आमच्या एका गाडीचा आतला टायर असाच गेला. बाहेरून काही दिसत नव्हतं. ड्रायव्हरनं पाचट काढायला दोन टायरांच्या मधे हात घातला तेव्हा बोटाला तारेचं टोक लागलं. करंगळीएवढी कात होती. टायर चार महिन्यांचा, नक्षी जवळजवळ नवी. त्या कातीतून ओल तारेपर्यंत पोचली होती आणि गंज धरला होता. टायर गेला. तेव्हापासून आमच्याकडे रोज रात्री खाली करून आल्यावर जोडीच्या मधे बॅटरी मारून बघायचं, हा नियम आहे.

नायलॉनची दुसरी बाजू अशी, की तो गावातल्या कोणत्याही पंक्चरवाल्याकडे दुरुस्त होतो आणि घेताना स्वस्त पडतो. हंगामाच्या तोंडावर हातात पैसा नसतो तेव्हा ही गोष्ट लहान नाही.

रेडियल कुठं जिंकतो

डांबरावर, आणि तिथं नायलॉन त्याच्या जवळपासही येत नाही. रेडियलचे थर एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ जातात आणि वर पोलादी तारांचे पट्टे असतात. त्यामुळे बाजू वाकली तरी जमिनीला टेकणारा भाग सपाट राहतो, रबर रस्त्यावर कमी घासतं, कमी तापतं. नक्षी जास्त किलोमीटर टिकते आणि डिझेलही कमी लागतं. पुण्याहून बंगळूरला किंवा दिल्लीकडे जाणाऱ्या गाडीला मी दुसरं काही घालणार नाही. नायलॉनमध्ये तिरके थर एकमेकांवर घासत राहतात, आणि एप्रिलच्या दुपारी सोलापूरकडच्या तापल्या रस्त्यावर लांब पल्ल्याला हीच उष्णता त्याचा जीव घेते.

पण रेडियल हवेच्या बाबतीत माफ करत नाही. त्याला नायलॉनपेक्षा जास्त हवा लागते आणि ती कमी झालेली डोळ्यांना कळत नाही, कारण पुरी हवा असतानाही त्याचं पोट खाली थोडं सुटलेलंच दिसतं. टायरवर टॉमी, म्हणजे लोखंडी दांडा, आपटून आवाजावरून हवा ओळखायची आपली जुनी सवय इथं फसवते. रेडियल घ्यायचा असेल तर त्याच दिवशी हवा मोजायचा एक चांगला गेज घ्या. कमी हवेवर बराच वेळ चाललेल्या रेडियलच्या बाजूतल्या तारा आतल्या आत तुटलेल्या असू शकतात. पुन्हा हवा भरताना त्या एकापाठोपाठ एक सुटतात आणि टायर जागेवर फुटतो. असा टायर आधी सोडवून आतून तपासायचा, मगच हवा भरायची. ट्यूबच्या टायरला रिमवर लोखंडी रिंग असते. ती नीट बसली नाही तर भरताना उडते. हवा भरताना समोर कुणीही उभं राहू नये, मुलांना तर तिथं फिरकूच देऊ नका.

ट्यूबलेसबद्दल थोडक्यात: नव्या गाडीला रिमसकट आला असेल तर ठेवा. पंक्चर झाला तर हवा हळू उतरते, सांभाळायला वेळ मिळतो. जुन्या गाडीला केवळ त्यासाठी रिम बदलण्याचा खर्च मला ऊस वाहतुकीत वसूल होताना दिसत नाही.

नक्षी: पुढं रिब, मागं काय?

पुढच्या एक्सलला लांब सरळ खाचांची रिब नक्षी. यात तडजोड नको. पावसात करूळच्या वळणावर चिरा भरलेली गाडी हाताळायची ती पुढच्या दोन टायरांच्या भरवशावर, आणि सरळ खाचांतून पाणी लवकर बाहेर पडतं.

मागं खरा प्रश्न आहे. लग नक्षी, म्हणजे आडवे जाड ठोकळे, काळ्या मातीच्या चिखलात पकड घेते आणि चाक फिरलं की चिखल झटकून टाकते. रिब किंवा बारीक नक्षीच्या खाचा चिखलानं भरल्या की टायर गोटा होतो आणि गाडी ट्रॅक्टर लावून ओढावी लागते. पण तीच लग हायवेवर आवाज करते, जास्त तापते आणि ठोकळे एका बाजूनं झिजतात. म्हणून बाराही महिने तिन्ही कामं करणाऱ्या गाडीला मी मागं मिश्र नक्षी सांगतो: मधे सरळ खाच, कडेला ठोकळे. खडीच्या खाणीवर कायम राहणाऱ्या डंपरचं वेगळं. तिथं कात न धरणाऱ्या रबराचा खास खाणीचा टायर घ्यावा. फक्त तो घालून लांबचं भाडं मारू नये. तो सावकाश चालायलाच बनवलेला असतो, वेगानं तापतो.

एकाच एक्सलवर रेडियल आणि नायलॉन एकत्र कधीच नको. जोडीतले दोन टायर उंचीलाही सारखे हवेत. एक झिजलेला आणि एक नवा घातला तर नवा एकटाच वजन उचलतो.

थंडी आणि बर्फ

आपला हिवाळा टायरला वेगळाच त्रास देतो. जानेवारीत पहाटे 10 अंश असतं, दुपारी 30. एवढ्या फरकानं ट्रकच्या टायरमधली हवा साधारण 8 पीएसआयनं (हवेच्या दाबाचं माप) हलते. शिवाय चालून आलेला टायर आणखी तापलेला असतो. दुपारी खाली केल्यावर हवा जास्त दिसते म्हणून सोडली, की दुसऱ्या दिवशी पहाटे कमी हवेवर गच्च वजन जातं. हवा गाडी रात्रभर उभी राहिल्यावर, सकाळी निघण्याआधीच बघायची.

सफरचंदाच्या भाड्यासाठी काश्मीरला जाणाऱ्यांचं गणित निराळं. 7 अंशांखाली आपल्या नेहमीच्या टायरचं रबर कडक होत जातं. नवी लग नक्षी आहे म्हणून बर्फावर पकड मिळेल, ही समजूत धोक्याची आहे. मऊ, खोल बर्फात ठोकळे रुततात, पण सकाळी रस्त्यावर गोठलेल्या काचेसारख्या थरावर ते सरळ घसरतात. नोव्हेंबरनंतर बनिहालच्या वर जायचं असेल तर मागच्या टायरांना बसणाऱ्या साखळ्या बरोबर ठेवा आणि त्या एकदा घरच्या अंगणात चढवून बघा. कुडकुडत्या हातांनी अंधारात शिकायची ती गोष्ट नाही. डांबर मोकळं लागलं की लगेच उतरवायच्या.

परदेशात ट्रक चालवणाऱ्या कुणी हे वाचलं तर त्यांच्यासाठी: टायरवर नुसतं एम आणि एस (चिखल आणि बर्फ) छापलेलं असणं पुरेसं नाही. तीन शिखरांच्या डोंगरात हिमकण अशी खूण शोधा, ती बर्फावरच्या चाचणीनंतर मिळते. जर्मनीत हिवाळी रस्त्यावर अवजड गाडीच्या इंजिनाचा जोर जाणाऱ्या आणि पुढच्या एक्सलला ती लागतेच. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबियात डोंगरी मार्गांवर 1 ऑक्टोबर ते 30 एप्रिल मोठ्या गाड्यांना साखळ्या बाळगाव्या लागतात.

मग घालायचं काय?

गाडी हंगामात फडात आणि बाकी काळ तालुक्यातच फिरत असेल तर पुढंमागं नायलॉन, मागं लग नक्षी. पैसे वाचतात आणि झोप लागते. वर्षातले सात-आठ महिने डांबर असेल तर सगळीकडे रेडियल, मागं मिश्र नक्षी, आणि फडात गाडी खोल न घालता रस्त्याकडेला लावून टोळीकडून मोळ्या आणवून घ्यायच्या. टोळीला त्याचे वेगळे पैसे द्या, कारण ते अंतर त्यांच्या डोक्यावरून जातं.

मधल्या गाड्यांना, म्हणजे निम्मं-निम्मं काम असणाऱ्यांना, मी पुढं रेडियल रिब आणि मागं नायलॉन असं आधी सांगत असे. आता सांगत नाही. मागचे टायर घट्ट आणि पुढचे वेगळ्या स्वभावाचे असले की ओल्या वळणावर गाडी कशी वागेल याचा ड्रायव्हरला अंदाज येत नाही. अशा गाडीनं पूर्ण रेडियलच घ्यावा आणि कातींची तपासणी रोज करावी.

रिमोल्डमध्ये, म्हणजे जुन्या सांगाड्यावर नवी नक्षी चढवलेल्या टायरमध्ये, वाईट काही नाही, मागच्या एक्सलला तो सगळेच वापरतात आणि चांगल्या रेडियलचा सांगाडा पुन्हा पट्टा घेतो. पुढं मात्र घालू नका. आणि टायर रिमोल्डला पाठवायचा असेल तर नक्षी 1.6 मिलिमीटरच्या खुणेला टेकेपर्यंत थांबू नका. शेवटच्या महिन्यात दगड थेट तारेपर्यंत जातात आणि सांगाडाच वाया जातो.

भावाचं म्हणाल, तर 22 सप्टेंबर 2025 पासून नव्या टायरवरचा जीएसटी 28 टक्क्यांवरून 18 टक्के झाला आहे. बिल घेताना दर तपासा. त्याच वेळी बाजूवरचे शेवटचे चार आकडे वाचा: 3525 असेल तर 2025 च्या 35 व्या आठवड्यातला टायर. दोन-तीन वर्षं उन्हात दुकानाबाहेर रचलेला टायर नव्याच्या भावात घेऊ नका, आणि स्टेपनी बघताना तिचेही तेच चार आकडे वाचा. बहुतेक गाड्यांत सगळ्यात म्हातारा टायर तोच असतो.